गढूळपणाचा गुण

बव्हेरियातील १५१६ च्या फर्मानाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले. गव्हाची बिअर खास परवान्यानेच टिकली; १६०२ मध्ये तो हक्क खुद्द ड्यूकच्या घराण्याकडे आला.

या वाइसबिअरचा पारखी प्याल्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास शोधतो. दोन्ही तिच्यात घातलेले नसतात. आंबवताना यीस्टच ते गंध निर्माण करते. पिल्सनरमध्ये लवंगेचा वास आणि गढूळपणा हे दोष ठरतात. इथे तेच गुण. पाहायचा तो तोल: केळ्याने लवंगेला झाकू नये, फेस दाट असावा, कडवटपणा जेमतेम. पिल्सनरच्या कसोटीवर वाइसबिअर घासणे म्हणजे अभंगाला गझलेचे नियम लावणे.