डोळ्यावरचे तळे

न्हाणीघराच्या दुधी काचेची खरबरीत बाजू ओली करा. पलीकडचे दिसू लागते. पाण्याने खळगे भरतात. हीच युक्ती डोळ्यांतही चालते!

केरॅटोकोनस या विकारात बुबुळावरचे पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखे, वेडेवाकडे पुढे येते. कल्याणपुढच्या शहाड स्थानकाची पाटी मग एकीच्या दोन-तीन दिसते. विकार वाढल्यावर चष्म्याने भागत नाही. अशा वेळी स्क्लेरल लेन्स वापरतात. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या पोकळीत खारे पाणी असते. पटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३८, पाण्याचा १.३४. हवेशी ०.३८ असलेला फरक ०.०४ वर येतो, म्हणून वाकडेपणा प्रकाशाला फारसा जाणवतच नाही.

१८८८ साली झुरिकच्या फिक यांनी काचेच्या भिंगामागे द्राक्षशर्करेचे पाणी भरले होते. पण काचेतून प्राणवायू जात नाही. आजच्या प्लॅस्टिकमधून जातो. विकार मात्र लेन्सने थांबत नाही, आणि डोळे चोळल्याने तो बळावतो.