लहान ट्रॅक्टरास औत कसें जोडावें

बीडहून दक्षिणेस निघालें म्हणजे घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर जो मोठा चौरस्ता लागतो, तें मांजरसुंबा. धुळें-सोलापूर महामार्गास पाटोद्याकडून व केजकडून येणारे रस्ते येथेंच मिळतात. माथ्यावरील जमीन बहुतेक हलकी व मुरमाड. ओढ्याच्या कांठीं तेवढी काळी. बाजरी, तूर, कापूस, सोयाबीन हीं पिकें व डोंगरउतारावर सीताफळ, असा या टापूचा संसार आहे. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. वांटण्या होत होत वावरें लहान झालीं, बैलजोडी वर्षभर पोसणें जड झालें, तेव्हां पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर येथील शेतकऱ्यास सोयीचा वाटूं लागला यांत नवल नाहीं. चार फुटी कपाशीच्या ओळींतून तो जातो, सीताफळीच्या झाडाखालून वळतो, आणि बांधाकडेची जमीनहि फारशी सोडीत नाहीं.

अडचण सुरू होते ती ट्रॅक्टर घरीं आल्यावर. औतें असतात तीं शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचीं, किंवा बाजारांत स्वस्त मिळालेलीं जुनीं, अथवा घरचीं बैलांचीं. तीं बसत नाहींत म्हणून कोणी खिळ्याच्या जागीं साधी सळई ठोकतो, कोणी ट्रॅक्टरच्या भुजेसच वेल्डिंगचा टांका मारतो, कोणी साखळीनें वखर बांधून ओढतो. पहिल्या उपायानें औत मोडतें, दुसऱ्यानें ट्रॅक्टर मोडतो, आणि तिसऱ्यानें प्रसंगीं माणूस दगावतो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ च्या सुमारास निघाला तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी लोकांस भीति वाटे. आज लोखंडाची भीति कोणासच उरली नाहीं, हेंहि कांहीं फार चांगलें झालें असें नव्हे.

साखळीचा धोका नीट समजला तर तीन टेकूंची ही जोडणी मुळांत कां निघाली तेंहि समजेल. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, आयर्लंडच्या शेतकी खात्यानें बेलफास्टच्या हॅरी फर्ग्युसन नांवाच्या यंत्रज्ञावर ट्रॅक्टरांचें काम सुधारण्याची कामगिरी सोंपविली. त्या काळीं नांगर ट्रॅक्टरच्या मागें नुसता ओढीत नेत. फाळ दगडांत अडकला कीं मागचीं चाकें जागच्या जागीं खिळत, पण इंजिनाचा जोर थांबत नसे. मग ट्रॅक्टरचें सारें धूड आंसाभोंवतीं फिरूं लागे, पुढचीं चाकें वर उचलत आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. फोर्डसन ट्रॅक्टर याबद्दल बदनामच होता. फर्ग्युसननें नांगर मागें न ठेवतां ट्रॅक्टरच्या अंगाशीं एकजीव केला. १९२६ सालीं त्याच्या रचनेस पेटंट मिळालें, १९३६ त अशा जोडणीचे त्याचे ट्रॅक्टर बाजारांत आले, १९३९ त अमेरिकेंत फोर्डनें ती उचलली, आणि १९४६ पासून कोव्हेंट्री येथें निघालेल्या त्याच्या लहान करड्या ट्रॅक्टरानें ती जगभर नेली.

या रचनेंत खालच्या दोन भुजा औत ओढतात, आणि वरची दांडी, जिला आपले कारागीर टॉप लिंक म्हणतात, ती दाबली जाते. फाळास दगड लागला कीं नांगराचें डोकें पुढें झुकूं पाहतें. तो रेटा टॉप लिंक ट्रॅक्टरवर घेते व पुढचीं चाकें जमिनीस दाबून धरते. म्हणजे जो अडथळा पूर्वीं ट्रॅक्टर उलथवी, तोच आतां त्यास सांवरतो. म्हणूनच टॉप लिंकच्या भोंकास किंवा आंसाच्या वर कोठेंहि साखळी बांधून वखर, ओंडका अथवा रुतलेली गाडी कधींहि ओढूं नये. ओढ नेहमीं आंसाच्या खालून, ओढदांड्यावरूनच घ्यावी.

आतां मापें. जोडणीचे वर्ग ठरलेले आहेत. पहिल्या वर्गांत खालच्या खिळ्याची जाडी सात सूत (२२ मिलिमीटर), वरच्याची सहा सूत (१९ मि.मी.) आणि खालच्या दोन टेकूंमधील अंतर ६८३ मि.मी., म्हणजे सुमारें सत्तावीस इंच. मोठ्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या वर्गांत खिळे नऊ सूत व आठ सूत, अंतर ८२५ मि.मी. अगदीं लहान ट्रॅक्टरांवर पहिल्या वर्गाचाच अरुंद प्रकार येतो. त्यांत अंतर अवघें ४०० मि.मी. असतें. म्हणून औत पाहण्यास जातांना खिशांत मापपट्टी असावी, आणि आपल्या भुजांच्या गोळ्यांचीं भोंकें आधींच मोजून ठेवावीं.

वरचें भोंक मोठें असेल तर बाहेरून आठ सूत व आंतून सहा सूत अशी पोलादी नळी बसविली कीं भागतें. खालचे खिळे जाड असतील तर ते काढून सात सुताचे, कसदार पोलादाचे खिळे लावावे, आणि अंतर जुळविण्यासाठीं औताच्या आडव्या पट्टीवर ते आंत सरकवून घ्यावे. जें कांहीं कापावयाचें वा जोडावयाचें तें औताच्या अंगावर. ट्रॅक्टरच्या भुजा व आंसाची पेटी यांस वेल्डिंग लावूं नये. औत ट्रॅक्टरवर असतांनाच टांका मारणें भाग पडलें तर आधीं बॅटरीच्या तारा सोडाव्या.

घरच्या वखराचें रूपांतर करणें फारसें अवघड नाहीं. जाड चौकोनी नळीची चौकट, तिच्या पुढच्या अंगास दोन खिळे, व त्यांच्यापासून अठरा इंच उंचीवर टॉप लिंकचें भोंक येईल अशी कमान, इतकें गांवचा वेल्डर करूं शकतो. जुनी पास जानोळ्यांसह खोडापासून सोडवून चौकटीस पट्ट्यांनीं आवळावी. मात्र बैलांची पास ट्रॅक्टरच्या रुंदीस पुरत नाहीं; मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेर दोन-दोन बोटें जाईल इतकी लांब पास घ्यावी, नाहीं तर चाकानें दाबलेली पट्टी तशीच राहते आणि तण तेथेंच माजतें.

जोडणी बसली म्हणजे औत पेलेलच असें नाहीं. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, पुढच्या चाकांवर ३२० किलो, आणि दोन आंसांत पांच फूट अंतर. २०० किलोचें औत उचलल्यावर त्याचा भार मागच्या आंसापासून पांच फुटांवर पडला, तर पुढचे २०० किलो हलके होऊन १२० च उरतात. सुकाणूसाठीं ट्रॅक्टरच्या वजनाचा पांचवा हिस्सा, म्हणजे १६० किलो, तरी पुढें हवेत. यास्तव पुढच्या बंपरवर चाळीसेक किलो वजनें टांगावीं. पण त्याहून चांगलें म्हणजे औत आंखूड करून ट्रॅक्टरच्या जवळ आणावें. उचलण्याची शक्ति किती तें ट्रॅक्टरच्या पुस्तकांत दिलेलें असतें. तें वाचल्याशिवाय मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर आणूं नये.

पहिल्या दिवशीं सपाट जागीं औत टेंकवून पाहावें. उजव्या उचलदांडीच्या फिरकीनें दोन्ही बाजू समपातळींत येतात, आणि टॉप लिंक आंखूड केली कीं टोंक अधिक रुततें, लांब केली कीं वर येतें. पेरणीस व रोटाव्हेटरास बाजूच्या साखळ्या आवळून ठेवाव्या, नांगरटीस थोड्या सैल. रोटाव्हेटरचा दांडा मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असेल तर औत वरखालीं होतांना तो आंत टेंकून पेटीचें बेअरिंग फोडतो. तो मापानें कापून घ्यावा, आणि त्यावरील आवरण काढून टाकूं नये. धोतराचा सोगा वा उपरणें त्यांत गुंतलें तर ओढून घेण्यास वेळ मिळत नाहीं.

बालाघाटच्या उतारावर आणखी एक पथ्य आहे. जड औत उचलून चढ चढावयाचा असेल तर ट्रॅक्टर मागें मागें घेत चढवावा, म्हणजे औताचा भार चढाच्या बाजूस राहतो. उतरतांना तोंड खालीं, औत जमिनीपासून वीतभर उंच, आणि गियर पहिलाच. क्लच दाबून सोडून देऊं नये.