सोमवारी कोड, रविवारी कडा

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर तुम्ही काय करता? मल्टिप्लेक्स, मॉल, नाहीतर कॅनॉट प्लेसला कॉफी आणि ऑफिसच्या बॉसला शिव्या. आमचंही तेच असतं हो! पण या शहरात एक जमात अशीही आहे, जिच्या घरात शुक्रवारी रात्री सोल्डरिंगचा वास सुटतो आणि रविवारी पहाटे पाच वाजता बुटांच्या लेस आवळल्या जातात. आठवडाभर कोड, वीकेण्डला कडे. माझा एक मित्र या जमातीचा पक्का मेंबर. त्याला पेपरात नाव नकोय, कारण कंपनी पुण्याची आणि एचआर मराठी वाचतो म्हणे!

वय एकतीस, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मुक्काम सिडको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आला तो इथलाच झाला. त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जुने मोबाइल, उघडलेला राउटर, बॅटऱ्यांचे सेल, आणि तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांनी भरलेले श्रीखंडाचे रिकामे डबे. काकू चहा घेऊन आल्या की दारातूनच म्हणतात, ‘बघ गं, काय करायलाय हे पोरगं! पगार कॉम्प्युटरचा अन् धंदा भंगाराचा.’

मी गेले तेव्हा पोरगं डबा भोकसत होतं. डब्यात एक छोटा रेडिओ, एक बॅटरी, बाहेर वीतभर अँटेना. ‘हा पितळखोऱ्याच्या कड्यावर बसणार,’ तो म्हणाला. ‘तू येतेयस ना?’

आता हा फंडा काय आहे ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या डब्याचीच आहे.

आपल्याकडून धुळे रस्त्याने निघालं की दौलताबाद, वेरूळ मागे टाकून साधारण साठ किलोमीटरवर कन्नड येतं. पुढे औट्रम घाट. (ज्या जेम्स औट्रमचं हे नाव, त्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. दोनशे वर्षं झाली, साहेब गेला, घाट त्याच्याच नावाने.) आजूबाजूचं सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. त्याच डोंगररांगेत एका दरीत पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. अजिंठ्याला गर्दी, वेरूळला गर्दी, इथे मात्र पावसाळ्यातला एखादा रविवार सोडला तर तुम्ही आणि माकडं!

दरीत उतरलं की मोबाइलची रेंज गायब. जीपीएसचंही तेच. खरं तर जीपीएसला रेंज लागत नाही, ते थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतं. पण त्याला एका वेळी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. तीन जागा काढायला आणि चौथा तुमच्या फोनमधल्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारायला. दरीत आकाशाची एक चिंधीच दिसते, वर सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतात. मग फोन तुम्हाला बिनधास्त समोरच्या कड्यात उभं दाखवतो. आपल्या पिढीला हे नवल वाटतं, पण २ मे २००० पर्यंत अमेरिकन लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत होतं, शंभर मीटरपर्यंतची! ती बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या एका कॉम्प्युटरवाल्याने जंगलात बादली लपवून तिची जागा इंटरनेटवर टाकली. जिओकॅशिंग नावाचा खेळ तिथून सुरू झाला. थोडक्यात, सॉफ्टवेअरवाले आणि रानवाटा हे लफडं जुनंच आहे.

डब्यातला रेडिओ ‘लोरा’ जातीचा. कमी वीज खातो, लांब जातो, पण आवाज नाही, फक्त मेसेज. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ताकद मर्यादेत ठेवली तर, परवाना लागत नाही. मेशटॅस्टिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्यात भरलं की प्रत्येक रेडिओ दुसऱ्याचा मेसेज पुढे ढकलतो. गावातल्या बायका पाण्याच्या कळश्या हातोहात पुढे देतात ना, तसं. अडचण एकच. कातळातून हे जात नाही. म्हणून एक रेडिओ कड्यावर हवा, जो दरीतल्यांनाही दिसेल आणि वरच्यांनाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण गेलो. दोघे वर कड्यावर डबा आणि थर्मास घेऊन, आम्ही तिघे पायऱ्या उतरून खाली. दरीत ओढा, अलीकडे मुख्य लेणी, पलीकडे आणखी काही, त्यात छोटे स्तूप. अलीकडची लेणी बघताना माझा मित्र मला एका सोनाराची गोष्ट सांगत होता. इथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पात्र घेतलेला, हसरा, ढेरपोट्या बुटका. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कारागिराचं नाव कोरलंय, कान्हदास, आणि पुढे धंदाही : सोनार! म्हणजे सोन्यातला माणूस दगडात घुसला आणि सही करून मोकळा झाला. ‘साइड प्रोजेक्ट होता रे त्याचा,’ मित्र म्हणाला. दोन हजार वर्षांपूर्वीचं. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे पटेल की नाही माहीत नाही, मला तर जाम आवडलं.

मग पलीकडे जायचं ठरलं. ओढ्याला पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, तळ दिसणारं. आमच्यातला तिसरा बूट काढून उतरलासुद्धा. इतक्यात मित्राच्या खिशातला रेडिओ ‘टिंग’ वाजला. वरून मेसेज : ‘धबधब्याला गढूळ पाणी. पलीकडे जाऊ नका.’

खाली पाऊस नव्हता. ऊनसुद्धा होतं थोडं. तिसरा म्हणाला, ‘पाच मिनिटांचं काम आहे यार.’ मित्राने त्याला दंडाला धरून ओढलं. एरवी हा माणूस मीटिंगमध्ये म्यूटवर असतो! दहाएक मिनिटांत ओढ्याचा रंग चहासारखा झाला, त्यानंतर ज्या दगडावर तिसऱ्याने बूट ठेवले होते तो दगडच दिसेना. एक बूट वाचला. आम्ही दोन तास लेण्यात बसून बिस्किटं खाल्ली आणि वरच्यांना मेसेज पाठवत राहिलो. त्यातले निम्मे पोचले.

परतीच्या वाटेवर गाडीत जोरदार वाद झाला. मित्र ओपनस्ट्रीटमॅपवर रानवाटा टाकतो. हा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला, विकिपीडियासारखा, कुणीही भर घालू शकतो. ट्रेकर्सची अनेक मोबाइल अ‍ॅप्स त्याच्याच माहितीवर चालतात. म्हणजे सिडकोच्या खोलीत बसून याने रेघ मारली की नाशिकचा कुणी अनोळखी पोरगा तिच्यावरून चालत येणार. ज्याचा बूट वाहून गेला तो म्हणाला, ‘पलीकडची वाट काढूनच टाक नकाशावरून.’ मित्राचं म्हणणं उलटं. वाट काढली तर लोक स्वतः शोधतील आणि जास्त मरतील. वाट ठेवायची, पण ओढा ‘हंगामी’ म्हणून नोंदवायचा. पाण्याचं टाकं दाखवायचं तर पाणी बारमाही आहे की दिवाळीपर्यंतच, तेही टाकायचं. कारण मार्चमध्ये नकाशावरचा निळा ठिपका बघून कुणी दीड तास चढला आणि टाकं कोरडं निघालं, तर? मला मित्राचं पटलं. फक्त एक शंका आहे, नकाशा वापरणारे किती जण त्या ठिपक्यावर बोट ठेवून पुढचं वाचतात?

तुम्ही म्हणाल, एवढी यंत्रं घेऊन रानात जायचं तर घरीच बसा की. हा प्रश्न मीही टाकला. त्यावर तो मला पाटणादेवीला घेऊन गेला.

पितळखोऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात १२०७ साली एक मठ काढल्याची नोंद आहे. कशासाठी? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी! मठ काढणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. म्हणजे हेड ऑफिस आपलंच, दौलताबादला. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. ‘लीलावती’ आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण १११४ साली जन्मलेल्या या गणित्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर एक अख्खा अध्याय लिहिलाय. त्यात बरीच यंत्रं सांगून झाल्यावर तो एका साध्या काठीकडे येतो आणि तिलाच सगळ्यांत वरचं मानतो. नाव काय, तर धीयंत्र. धी म्हणजे बुद्धी.

काठी तिरकी धरायची, तिच्या सरळ रेषेत झाडाचा शेंडा पकडायचा. काठीच्या दोन्ही टोकांपासून ओळंबा सोडून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. दोन उंचींतला फरक भागिले दोन ओळंब्यांमधलं अंतर, हा झाला चढ. त्याला झाडापर्यंतच्या अंतराने गुणायचं, डोळ्याजवळच्या टोकाची उंची मिळवायची. बस्स! मित्राने हे त्याच्या बिल्डिंगवर करून पाहिलं. काठीचं उत्तर १३.१ मीटर. गच्चीवरून सोडलेल्या टेपचं १२.८. हवेचा दाब मोजणाऱ्या छोट्या सेन्सरने (साधारण साडेआठ-नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो) सकाळी १२ सांगितले आणि दुपारी ढग आल्यावर १९. काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून ओळंब्याची दोरी गेली, त्याचं उत्तर कशातच मोजता आलं नाही.

तेव्हापासून त्याच्या सॅकमध्ये एक मीटरची काठी असतेच. खुणा केलेली, टोकाला ओळंबा. रेडिओचा डबा कुठल्या सुळक्यावर ठेवायचा हे तो आधी काठीने ठरवतो.

सध्या तो वेगळ्याच गणितात अडकलाय. कंपनीने कळवलंय, दिवाळीनंतर आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं. पुण्यात पगार वाढेल, सिंहगड, राजगड दाराशी आहेत, ग्रुपही मोठे. पण सह्याद्रीच्या त्या भागातल्या वाटा कधीच नकाशावर चढल्यात. गौताळ्यातल्या, अंतूर किल्ल्याकडच्या अर्ध्याअधिक पाऊलवाटा अजून फक्त गुराख्यांच्या डोक्यात आहेत. ‘तिकडे मी चालणारा, इकडे मी वाट टाकणारा,’ तो म्हणतो. काकू म्हणतात, ‘वाट टाकायचा पगार किती मिळतो विचार त्याला.’ राजीनामा लिहून ठेवलाय म्हणे, पाठवलेला नाही. इथल्या एका छोट्या कंपनीशी बोलणं चालू आहे, पैसे जवळपास निम्मे. मी काही सल्ला दिला नाही. फ्रीलान्सरने पगारावर सल्ला द्यायचा नसतो.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो तिथेही चालत नाही आणि संरक्षित लेण्यांवरही नाही. निघताना परतीची वेळ घरी सांगा. पावसाळ्यात पितळखोऱ्याच्या ओढ्यात उतरण्याआधी वर एक माणूस ठेवा, रेडिओ नसेल तर शिट्टी द्या त्याच्याकडे. नाश्ता कन्नडलाच उरका, पुढे काही मिळेलच असं नाही. आणि खाली दरीत कुठे आठ नंबरचा एक बूट सापडला, डाव्या पायाचा, तर आम्हाला कळवा. उजवा अजून जपून ठेवलाय.