शवपरीक्षा-प्रशिक्षण
मृत्यूचे कारण, प्रकार व काळ ठरविण्यासाठी मृत शरीराची बाहेरून व आतून जी पद्धतशीर तपासणी करतात, तीस शवपरीक्षा म्हणतात. रोगाच्या अभ्यासासाठी आप्तांच्या संमतीने केली जाणारी ती विकृतिवैज्ञानिक आणि संशयास्पद वा अनैसर्गिक मृत्यूत कायद्यानुसार केली जाणारी ती न्यायवैद्यकीय शवपरीक्षा होय. दुसरीस आप्तांची संमती लागत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम १९४ नुसार पोलीस मृतदेह जिल्हा शल्यचिकित्सकाकडे अथवा शासनाने नेमलेल्या अन्य अर्हताप्राप्त वैद्याकडे पाठवितात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या कलम १७४ मध्ये अशीच तरतूद होती. वैद्य न्यायवैद्यकाचा विशेषज्ञच असावा, अशी अट कायद्यात नाही. त्यामुळे ग्रामीण भागात एरवी ज्वर, जखमा व बाळंतपणे पाहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यासच हे काम करावे लागते. पदवी-अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने शवपरीक्षा पाहणे अपेक्षित असते. परंतु पाहणे आणि स्वतः करून मत देणे यांत मोठे अंतर आहे. ते प्रशिक्षणानेच भरून निघते.

गोंदिया जिल्ह्याच्या उदाहरणावरून ही गरज स्पष्ट होते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला व त्यात आठ तालुके आहेत. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे तालुके मात्र गोंदिया शहरापासून दूर आहेत. भातशेती, वने व तलाव यांच्या या प्रदेशात सर्पदंश, बुडणे, वीज पडणे व कीटकनाशकांची विषबाधा यांचा विचार शवपरीक्षकास करावा लागतो.

प्रशिक्षणात प्रथम पंचनामा वाचणे, कपडे तपासणे व बाह्य परीक्षा यांवर भर देतात. मण्यार रात्री झोपलेल्या माणसास चावते व तिच्या दंशाची खूण जेमतेम दिसते. ती चांगल्या उजेडात भिंगाने शोधावी लागते. गळफासाची खूण बहुधा तिरपी, मानेच्या वरच्या भागात व अपूर्ण असते. दोरीने गळा आवळल्यास ती बहुधा आडवी व पूर्ण असते. बुडून मृत्यू आल्यास नाकातोंडाशी बारीक, टिकाऊ फेस आढळू शकतो. त्यानंतर डोके, छाती व उदर या तिन्ही पोकळ्या उघडतात. कारण उघड दिसत असले, तरी एकही वगळीत नाहीत.

विषाचा संशय असल्यास जठर व त्यातील द्रव्ये, लहान आतडे, यकृत आणि मूत्रपिंड यांचे भाग सामान्यतः मिठाच्या संपृक्त विद्रावात, तर सूक्ष्मदर्शकीय तपासणीचे ऊतक दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. या दोहोंची अदलाबदल झाल्यास फॉर्मॅलिनमुळे विष वेगळे काढणे अवघड होते. बरण्यांवर नावचिठ्ठी व मोहोर लावून त्या पोलिसांकडे पावती घेऊन सोपवितात. कारण निश्चित नसल्यास तर्काने लिहिण्यापेक्षा रासायनिक अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवणे योग्य ठरते.

दहन झाल्यावर फेरतपासणी शक्य नसते. सुटलेल्या खुणेमुळे खून आत्महत्या ठरू शकतो, निर्दोष व्यक्तीवर आरोप येऊ शकतो किंवा सर्पदंशाने मेलेल्या शेतकऱ्याचे कुटुंब शासकीय साहाय्यास मुकू शकते. म्हणून तालुक्याच्या वैद्यास दिलेले हे शिक्षण न्यायदानाचाच एक भाग होय.