गोळी सोडलीस की काय?

सबमिशनची रात्र, तीन कप चहा, झोप शून्य. त्यात ‘दोन वर्षांत एकदाही फिट आली नाही, मग गोळी कशाला?’ म्हणून तीही बंद? अरे, फिट आली नाही ती बहुधा त्या गोळीमुळेच! अपस्मारात जागरण आणि चुकलेला डोस, दोन्ही महागात पडतं. नीट उपचार घेतले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. गोळी कधी थांबवायची, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू दे.

आणि रूममेटला आधीच सांगून ठेव. लाजायचं काय त्यात? फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा कोंबायचा नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर थेट हॉस्पिटल.