'सुटका', 'वंश' आणि 'वाहक' : घरचे बाळंतपण व सिकलसेल यांची परिभाषा

प्रसूती झाली हे सांगताना मराठीत 'बाईची सुटका झाली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दयोजनेत प्रसूती हा एका संकटाचा शेवट मानला आहे. मूल रडले, वार पडली, नाळ कापली, बाळंतीण व बाळ 'सुखरूप' आहेत, एवढे कळले की विषय संपतो. बहुतेक घरांच्या बाबतीत हा शब्दप्रयोग यथार्थच आहे. परंतु ज्या घरात एखादा आनुवंशिक विकार आहे आणि जेथे बाळंतपण अकल्पितपणे घरीच उरकले आहे, तेथे हाच शब्द दिशाभूल करू शकतो. ही दिशाभूल कशी होते आणि परिभाषेचा तिच्याशी काय संबंध आहे, हे सिकलसेल या रक्तविकाराच्या उदाहरणावरून पाहता येईल.

या विकाराचे वैद्यकीय स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार येतो, म्हणून इंग्रजीत त्यास हे नाव पडले. 1910 मध्ये शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1949 मध्ये पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले आणि 1957 मध्ये इंग्रॅम यांनी तो एका अमिनो आम्लाच्या फरकापर्यंत नेऊन भिडविला. भारतात 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, अमरावती इत्यादी जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आढळतात. आई व बाप या दोघांकडून दोषयुक्त जनुक आले तरच मुलास हा आजार होतो. एकाच बाजूने आले तर ती व्यक्ती सामान्यतः निरोगी राहते. तिलाच 'वाहक' असे म्हणतात. दोन वाहकांच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक मुलास आजार असण्याची शक्यता चारांत एक असते, मग आधीची मुले कशीही असोत.

आता उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पावे. भामरागड तालुक्यातील एखादे गाव. नवराबायको दोघेही वाहक, धडधाकट, शेतात राबणारे. थोरल्या मुलास सिकलसेलचा आजार. दुसरे बाळंतपण दवाखान्यात करावयाचे असे ठरलेले असते. परंतु पर्लकोटेला पूर येऊन वाट बंद होते, कळा दिवस भरण्यापूर्वीच सुरू होतात, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या हातून बाळंतपण होते. बाळाला कोरडे करून आईच्या उराशी गुंडाळतात, स्वच्छ पात्याने नाळ कापतात, चीक पाजतात. हे सारे योग्यच होय. मूल चांगले रडते, चांगले पिते. सुटका झाली.

येथेच खरी अडचण आहे. सिकलसेलचे मूल जन्मतः आजारी दिसत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते. ते काही महिने मुलाचे रक्षण करते आणि साधारणतः सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. म्हणजे 'सुखरूप' हा शब्द त्या दिवशी खरा असतो. परंतु तो पुढील वर्षाविषयी काहीच सांगत नाही. गावपातळीवर केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणीसुद्धा याच कारणामुळे अर्भकाच्या बाबतीत भरवशाची नसते. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब प्रयोगशाळेत तपासावे लागतात. जेथे नवजात बालकांच्या तपासणीची व्यवस्था आहे, तेथे दवाखान्यात जन्मलेल्या मुलाचे रक्त आपोआप घेतले जाऊ शकते. घरी जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ते कोणाला तरी आठवावे लागते, बोलून दाखवावे लागते. त्या घरी दवाखान्याच्या कागदाची जागा बोललेला शब्द घेतो.

हा शब्द कोणता असावा, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे. रूढ शब्द 'आनुवंशिक' हा. 'वंश' याचा संस्कृतातील एक अर्थ वेळू असा आहे. पेरावर पेर चढावे तशी पिढीवर पिढी, ही त्यामागील कल्पना. वेळू एका सरळ रेषेत वाढतो. व्यवहारातील 'वंश'ही तसाच एकेरी, बापाकडून मुलाकडे जाणारा आहे; 'वंशाचा दिवा' हा मुलगाच असतो आणि सून परघरची मानली जाते. अशा घरात 'हा आजार आनुवंशिक आहे' असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की दोष आमच्याकडचा की तिच्या माहेरचा? वस्तुतः या विकारात उत्तर 'दोन्हीकडचा' असेच असते. परंतु 'वंश' या शब्दाच्या घडणीत त्या उत्तरास जागा नाही. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हणही याच समजुतीला बळ देते. आईबाप निरोगी आहेत, तेव्हा आड कोरडाच आहे असे गृहीत धरले जाते, आणि पोहऱ्यात आले त्याचे कारण दृष्ट, करणी किंवा सटवीचा लेख यांत शोधले जाते. म्हण खोटी नाही. आडात होतेच, केवळ दिसत नव्हते. परंतु 'दिसत नाही' आणि 'नाही' यांतील भेद ती करीत नाही.

'वाहक' या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. इंग्रजी संज्ञेचा तो सरळ प्रतिशब्द आहे आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि मराठी भाषकाच्या कानावर तो पूर्वीच दोन अर्थांनी पडलेला असतो. एक, एस.टी.च्या गाडीतील तिकिटे देणारा वाहक. दुसरा, रोगवाहक डास. पहिला अर्थ निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी आहे. दुसरा मात्र संसर्ग सुचवितो, म्हणजे हा माणूस रोग घेऊन हिंडतो व इतरांना देतो. यात एक विलक्षण विरोध आहे. 1954 मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणजे हिवताप देणारा डास आणि त्या तापापासून काहीसा सुरक्षित असलेला माणूस, या दोघांना मराठीत एकच नाव मिळाले आहे. शिवाय गडचिरोलीच्या दक्षिण भागात हाच शब्द पुढे माडिया बोलणाऱ्या घरात जातो. मूळ संज्ञा, मराठी प्रतिशब्द आणि घरची बोली अशा तीन पायऱ्या उतरताना मधली पायरी निसरडी असून भागत नाही.

याउलट चांगल्या शब्दांची उदाहरणे याच क्षेत्रात सापडतात. दुर्गम भागातील गरोदर स्त्रियांना दिवस भरत आले असता आरोग्यकेंद्राजवळ राहता यावे म्हणून महाराष्ट्र शासनाने जी सोय केली, तिला 'माहेरघर' हे नाव दिले. बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत असलेल्या भाषेत या नावाचे स्पष्टीकरण करावे लागत नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने 62 टक्क्यांनी घटले. घरचे बाळंतपण म्हणजे ज्ञानाचा अभावच असला पाहिजे असे नाही, हे यावरून सिद्ध होते. जमेकामध्ये सिकलसेलच्या मुलांच्या आईबापांना मुलाची प्लीहा हाताने चाचपून पाहावयास शिकविण्यात आले, कारण ती एकाएकी वाढणे हे प्राणघातक ठरू शकते. मराठीत प्लीहेला 'पानथरी' हा घरगुती शब्द आहे. 'प्लीहावृद्धी' हा शब्द ऐकून जी आई गोंधळेल, तिला 'पानथरी वाढली आहे का ते रोज पाहा' हे वाक्य समजू शकेल.

या आजारात वेळीच केलेल्या उपायांचे मोल मोठे आहे. अमेरिकेतील 1986 च्या एका चाचणीत लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. परंतु औषध सुरू होण्यासाठी निदान झाले पाहिजे, आणि घरी जन्मलेल्या मुलाचे निदान होण्यासाठी कोणीतरी त्याला तपासणीस नेले पाहिजे. 1 जुलै 2023 रोजी केंद्र शासनाने शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान आरंभिले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट होय. इतक्या लोकांच्या हाती तपासणीचा निकाल पडणार असेल, तर त्यावरील शब्दांचा प्रश्न गौण राहत नाही.

सबब, 'वाहक' ही संज्ञा ग्रंथांत व नोंदवह्यांत राहण्यास हरकत नाही. घरात सांगताना मात्र संज्ञेऐवजी वाक्य द्यावे, हे अधिक श्रेयस्कर. 'तुम्हांला आजार नाही आणि तुमच्यापासून तो कोणाला लागत नाही; पण तुम्हां दोघांच्याही रक्तात त्याचा अर्धा वाटा आहे, आणि दोन्ही अर्धे मुलात एकत्र येऊ शकतात.' या वाक्यात वंश नाही, दोष नाही आणि सुनेचे माहेरही नाही. त्याला एवढीच जोड द्यावी, की मूल घरी जन्मले तरी पूर ओसरताच त्याचे रक्त तपासून घ्यावे. अशा घरात बाईची सुटका त्या रात्री होते. मुलाविषयीच्या प्रश्नाची मात्र या तपासणीनंतरच.