जेवण झालं? मग एक चक्कर होऊन जाऊ द्या!

कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता देवीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांनी फुलून जातो. सुमारे 45 किलोमीटर, तेही कित्येक जण अनवाणी! तुळजापूरच्या धाराशिव जिल्ह्याला चालणं नवं नाही. मधुमेहींनी ते रोजचं करावं, एवढंच.

चालताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. म्हणून जेवणानंतरची 10-15 मिनिटं फार मोलाची. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी झाली की पलंगाकडे न वळता गल्लीत फिरून यावं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखी मध्यम हालचाल करायला सांगते. खुरपणी, अंगण झाडणं हीसुद्धा हालचालच.

पण पाय बधिर असतील तर अनवाणी नकोच, देवीच्या वाटेवरही नको. खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. चालताना साखर फार उतरू शकते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.